कार्बन न जाळता ॲल्युमिनियम

एक किलो ॲल्युमिनियम तयार व्हायला सुमारे १४ युनिट वीज लागते. त्याच किलोमागे चारशे ग्रॅमहून थोडा जास्त कार्बनही जळून जातो आणि त्यातून दीड किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. हा कार्बन भट्टी तापवण्यासाठी घातलेला नसतो. ज्या ॲनोडमधून विजेचा प्रवाह भट्टीत उतरतो तोच कार्बनचा असतो आणि काम करता करता संपत जातो. न जळणारा, न विरघळणारा ॲनोड मिळाला तर याच भट्टीतून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन बाहेर पडेल. अशा ॲनोडला निष्क्रिय ॲनोड म्हणतात. धातुशास्त्र त्याच्या शोधात आहे त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली.

इतकी वर्षे का लागावीत? जगात दरवर्षी सात कोटी टनांच्या आसपास नवे ॲल्युमिनियम तयार होते. विजेच्या तारा, विमाने, रेल्वेचे डबे, खिडक्यांच्या चौकटी, गोळ्यांची पाकिटे, सगळीकडे ते आहे. प्रश्न एकट्या ॲनोडचा असता तर एवढ्या मोठ्या उद्योगाने तो केव्हाच सोडवला असता. पण ॲनोड, तो ज्या द्रवात बुडतो तो द्रव, त्या द्रवाचे तापमान आणि भट्टीची ठेवण या चार गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एकीला हात लावला की उरलेल्या तिन्ही हलतात. त्यांच्या जोडीला पाचवी गोष्ट आहे, भट्टीला मिळणारी वीज कशापासून होते ही. भारताच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची.

हॉल आणि एरू यांची वाट

ॲल्युमिनियम ऑक्सिजनला फार घट्ट धरून बसते. लोखंडाचे ऑक्साइड कोळशाबरोबर तापवले की लोखंड सुटे होते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा उपाय व्यवहारात चालत नाही, तिथे वीजच लागते. वीज वाहायची तर ऑक्साइड, म्हणजे ॲल्युमिना, द्रवात हवा. आणि ॲल्युमिना वितळतो २,००० अंश सेल्सिअसच्याही वर.

१८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोन तरुणांनी, एकमेकांची गंधवार्ता नसताना, एकच वाट शोधली. ॲल्युमिना वितळवण्याचा नाद सोडून त्यांनी तो वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवला. क्रायोलाइट हा सोडियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरिन यांचा क्षार. तो हजार अंशांच्या आसपास वितळतो. त्यात जास्तीचे ॲल्युमिनियम फ्लोराइड मिसळले की ९६० अंशांवर काम भागते. दोघेही १८६३ मध्ये जन्मले, दोघेही १९१४ मध्ये वारले आणि दोघांच्या नावाची पद्धत आजही जगभर चालू आहे.

हॉलच्या १८८९ च्या पेटंटात ॲनोडसाठी कार्बनबरोबर तांब्याचेही नाव येते. तांब्यावर ऑक्साइडचा थर चढेल आणि त्यावरून ऑक्सिजन सुटेल, ही कल्पना त्याने केली होती. म्हणजे निष्क्रिय ॲनोडचा विचार या पद्धतीइतकाच जुना आहे. प्रत्यक्षात कार्बन टिकला, कारण तो स्वस्त होता, वीज नीट वाहून नेत होता आणि स्वतः जळून विजेच्या खर्चाचा एक वाटा उचलत होता. हे तिसरे कारण पुढे फार महत्त्वाचे ठरते.

पॉटरूममध्ये

कारखान्यात या भट्टीला पॉट म्हणतात आणि वितळलेल्या क्षारांना बाथ. लांबलचक शेडमध्ये शेकडो पॉट एकाच विद्युतमंडलात ओळीने जोडलेले असतात. आधुनिक कारखान्यात त्यांतून वाहणारा प्रवाह लाखो अँपिअरचा असतो, पण एका पॉटच्या वाट्याला जेमतेम सव्वाचार व्होल्ट येतात. पॉटच्या तळाशी वितळलेल्या ॲल्युमिनियमचा थर असतो, त्यावर बाथ, बाथवर गोठलेली कवची आणि कवचीतून खाली उतरलेले कार्बनचे मोठे ठोकळे.

एक ठोकळा तीन-चार आठवडे टिकतो. त्याची पाळी आली की क्रेन भोवतालची कवची फोडते आणि धातूच्या दांड्याला धरून उरलेला बुंधा वर उचलते. बुंधा लालभडक असतो, त्याच्या कडा गोलावलेल्या असतात आणि अंगाला बाथ चिकटलेला असतो. त्या जागी नवा, थंड, चौकोनी ठोकळा बसतो. त्याची उंची फार काळजीने लावावी लागते, कारण ठोकळ्याचा तळ आणि खालचा धातू यांच्यात चारेक सेंटीमीटरचे अंतर राखायचे असते. थंड ठोकळ्याला लागून बाथ गोठतो आणि ठोकळा तापून आपल्या वाट्याचा प्रवाह घेईपर्यंत दिवसभर जातो. कवची उघडी असते तेवढा वेळ आच आणि फ्लोराइडचा धूर दोन्ही बाहेर येतात. शेकडो पॉट आणि प्रत्येकात डझनावारी ठोकळे असल्यामुळे हे काम रात्रंदिवस चालूच राहते.

ठोकळे करायला शेजारी वेगळा विभाग लागतो. पेट्रोलियम कोक, कोळशापासूनचे डांबर आणि जुन्या बुंध्यांचा चुरा एकत्र मळून, दाबून, १,१०० अंशांच्या आसपास भाजतात. त्या भाजण्याचे इंधन आणि धूर वेगळाच.

पॉटमध्ये विरघळलेला ॲल्युमिना फार कमी झाला तर आणखी एक संकट येते. ॲनोडखाली वायूचा पडदा धरतो, सव्वाचारवर असलेले व्होल्ट एकदम तीस-चाळीसवर उसळतात आणि कार्बन बाथमधल्या फ्लोरिनशी जुळू लागतो. याला कारखान्यात ॲनोड इफेक्ट म्हणतात. त्यात तयार होणारा कार्बन टेट्राफ्लोराइड हा वायू उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट प्रभावी आहे आणि वातावरणात तो सुमारे ५०,००० वर्षे टिकतो. ॲनोडमध्ये कार्बनच नसेल तर हा वायू तयारच होणार नाही. निष्क्रिय ॲनोडच्या बाजूचा हा फार मोठा मुद्दा आहे.

एका चौरस सेंटीमीटरचा हिशेब

निष्क्रिय ॲनोडकडून अपेक्षा काय आहे? हजार अंशांच्या जवळ, एका बाजूने सतत सुटणाऱ्या ताज्या ऑक्सिजनशी आणि दुसऱ्या बाजूने बाथशी गाठ असताना त्याने टिकायचे. क्रायोलाइट निवडला गेला तो ऑक्साइड विरघळवतो म्हणूनच. ऑक्सिजनने न जळणारा पदार्थ म्हणजे बहुधा ऑक्साइड किंवा ऑक्साइडचा थर चढलेला धातू. म्हणजे ॲनोडला वाचवणारा थर नेमका त्या द्रवात उभा करायचा, ज्याचे कामच ऑक्साइड विरघळवणे आहे.

उमेदवार तीन प्रकारचे आहेत. पहिला, शुद्ध सिरॅमिक, उदाहरणार्थ टिन ऑक्साइड. तो झिजतो कमी, पण ठिसूळ असतो आणि मोठ्या आकारात तडकतो. दुसरा, सिरॅमिक आणि धातूचे मिश्रण. निकेल फेराइटमध्ये तांब्याचे कण मिसळलेल्या अशा ॲनोडवर अमेरिकेत १९८० च्या दशकात बरेच काम झाले. तिसरा, मिश्रधातू, मुख्यतः तांबे, निकेल आणि लोखंड यांचा. तो ओतता येतो, जोडता येतो, वीज उत्तम वाहून नेतो आणि पॉटमध्ये उतरला की स्वतःच्या अंगावर ऑक्साइडचा थर चढवतो. थर बाहेरून विरघळत राहतो आणि आतून पुन्हा तयार होत राहतो. दोन्हींचा वेग जुळला तर ॲनोड जगतो. विरघळण्याचा वेग वाढला तर तो आतून पोखरत जातो.

किती झीज चालेल, हे साध्या गणिताने काढता येते. ॲनोडच्या एका चौरस सेंटीमीटरमधून ०.८ अँपिअर प्रवाह जातो असे धरू. एका अँपिअर-तासाला साधारण एक तृतीयांश ग्रॅम ॲल्युमिनियम मिळते. थोडी गळती वजा केली तरी वर्षभरात त्या एका चौरस सेंटीमीटरच्या वाट्याला दोन किलोहून थोडे जास्त ॲल्युमिनियम येते. आता समजा, वर्षात ॲनोड एक सेंटीमीटर झिजला. म्हणजे एक घन सेंटीमीटर मिश्रधातू, सुमारे आठ ग्रॅम. तो सगळा खालच्या ॲल्युमिनियममध्ये उतरला तर धातूत ०.४ टक्के भेसळ होईल. बाजारातले साधे प्राथमिक ॲल्युमिनियम ९९.७ टक्के शुद्ध असते आणि त्यात लोखंड ०.२ टक्क्यांपर्यंतच चालते. म्हणजे वर्षाला एक सेंटीमीटरही फार झाले. एरवी धातूची एवढी झीज कौतुकाची ठरली असती, इथे तिने मालाची प्रत खाली उतरते. ॲनोड किती वर्षे टिकतो यापेक्षा तो मालात किती उतरतो, ही कसोटी जास्त कडक आहे.

एका व्होल्टची किंमत

आता कार्बन टिकण्याच्या त्या तिसऱ्या कारणाकडे येऊ. ॲल्युमिनातून ऑक्सिजन सुटा करायला सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे २.२ व्होल्ट लागतात. कार्बन ॲनोड असेल तर सुटलेला ऑक्सिजन लगेच कार्बनशी जुळतो, त्या ज्वलनाची ऊर्जा उपयोगी पडते आणि गरज १.२ व्होल्टवर येते. कार्बन काढून टाकला की हा एक व्होल्ट विजेतून भरावा लागतो.

एका किलो ॲल्युमिनियमसाठी जेवढा प्रवाह लागतो, त्यावर एक व्होल्ट वाढला की तीन युनिटांहून थोडी जास्त वीज वाढते. ही वीज कोळशापासून आलेली असेल तर एका युनिटामागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे ॲनोडपाशी दीड किलो वाचवायचा आणि वीजकेंद्राच्या धुराड्यातून तीन किलो जास्त सोडायचा. ॲनोड भाजण्याचा धूर आणि ॲनोड इफेक्टचे वायू हिशेबात धरले तरी कोळशाच्या विजेवर हा एक व्होल्ट परत मिळवल्याशिवाय निष्क्रिय ॲनोड हवामानाच्या फायद्याचा ठरणे कठीण आहे.

तो परत मिळवण्याची जागा आहे. सव्वाचार व्होल्टपैकी मोठा वाटा ॲनोड आणि धातू यांच्यामधला बाथ ओलांडण्यात जातो. हे चार सेंटीमीटरचे अंतर हौसेने ठेवलेले नाही. लाखो अँपिअरच्या प्रवाहाभोवतीचे चुंबकीय क्षेत्र तळाचा वितळलेला धातू ढवळते, त्यावर लाटा उठतात. अंतर कमी केले तर धातू ॲनोडला टेकतो आणि वीज वाया जाते.

निष्क्रिय ॲनोड फारच सावकाश झिजतो, त्याचा आकार जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे भट्टीची ठेवणच बदलता येते. ॲनोड आणि कॅथोड यांचे उभे पत्रे एकाआड एक लावायचे. कॅथोडला टायटॅनियम डायबोराइड वापरायचे, कारण वितळलेले ॲल्युमिनियम त्यावर पातळ थराने पसरते आणि ओघळून खाली साठते. लाटा मारणारे तळेच दोन पत्र्यांच्या मधून गेले की अंतर बरेच घटवता येते. शिवाय ऑक्सिजन धातूच्या ॲनोडवरून सुटताना कार्बनच्या तुलनेत काही दशांश व्होल्ट कमी लागतात. या सगळ्याची बेरीज केली तर तो व्होल्ट भरून निघू शकतो. पण त्यासाठी जुन्या पॉटमध्ये नुसता ॲनोड बदलून भागणार नाही, पॉट नव्याने रचावा लागेल.

बाथ थंड केला तर

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मग बाथ ९६० वर कशाला ठेवायचा? ७५० वर आणला तर ऑक्साइडचा थर कमी विरघळेल, मिश्रधातू सावकाश झिजेल आणि आज न परवडणारे पदार्थ परवडू लागतील. कमी तापमानाच्या बाथचे आकर्षण इथे आहे. तो मिळवणे अवघडही नाही. क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिनियम फ्लोराइडचे प्रमाण बरेच वाढवले की मिश्रणाचा गोठणबिंदू साडेसातशेच्या खाली जातो.

अडचण पुढे आहे. गरम चहात साखर चटकन विरघळते, गार चहात तळाशी राहते. ॲल्युमिनाचेही तसेच होते. बाथ थंड झाला की ॲल्युमिना कमी विरघळतो आणि जो विरघळतो तोही सावकाश. ॲनोडजवळचा साठा संपला की ऑक्सिजनऐवजी बाथमधला फ्लोरिन ॲनोडवर धावून येतो आणि संरक्षक थराचा घात करतो.

दुसरी अडचण कॅथोडजवळची. बाथमधून विजेचा मोठा भाग सोडियमचे आयन वाहून नेतात, पण कॅथोडवर सुटते ते ॲल्युमिनियम. सोडियम तिथेच साचत जातो, त्यामुळे कॅथोडलगत मिश्रणाचे प्रमाण बदलते आणि त्या पातळ पट्ट्याचा गोठणबिंदू वर चढतो. बाकीचा बाथ द्रव असताना कॅथोडवर मात्र क्षाराची साय धरते आणि प्रवाह अडतो. शिवाय असा बाथ वीजही कमी वाहून नेतो, म्हणजे घटवलेल्या अंतराचा फायदा काही अंशी हातचा जातो.

सोडियमच्या जागी पोटॅशियम फ्लोराइड घेतले तर सातशे-साडेसातशे अंशांवरही ॲल्युमिना बऱ्यापैकी विरघळतो. म्हणून गेल्या काही दशकांत पोटॅशियमच्या बाथवर पुष्कळ प्रयोग झाले. पण पोटॅशियम कार्बनच्या कॅथोडमध्ये शिरून त्याला फुगवते आणि फोडते. बाथ बदलला की कॅथोडही बदलावा लागतो.

यावर सर्वांत धाडसी उत्तर १९९० च्या दशकात सिएटलमधील थिओडोर बेक यांच्या गटाने दिले. ॲल्युमिना कमी विरघळतो ना, मग न विरघळलेला बारीक ॲल्युमिनाच बाथमध्ये तरंगत ठेवायचा. उभ्या पत्र्यांच्या भट्टीत ७५० अंशांच्या बाथमध्ये, ॲनोडवरून सुटणाऱ्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी ही भुकटी ढवळत राहायची. खर्च झालेल्या ॲल्युमिनाची जागा शेजारचा कण विरघळून भरून काढायचा. बाथ सतत ॲल्युमिनाने संपृक्त राहिल्यामुळे तांबे-निकेल-लोखंडाच्या ॲनोडवरचा थरही कमी विरघळतो. बुडबुडा, भुकटी, थर आणि तापमान यांची एकमेकांना मदत होईल अशी ही रचना आहे. प्रयोगशाळेत तिने तत्त्व सिद्ध केले. लाखो अँपिअरच्या पॉटमध्ये, वर्षानुवर्षे, गाळ न साचू देता तीच भट्टी चालवणे हे अजून मोठे काम आहे.

आणखी एक बाब वरवर किरकोळ वाटते. आजच्या पॉटमध्ये आतल्या भिंतीवर बाथचाच गोठलेला थर धरतो आणि तोच भिंतीला वाचवतो. भिंतीतून उष्णता बाहेर जाऊ दिली जाते म्हणून तो थर टिकतो, म्हणजे वीज खर्चून भिंत राखली जाते. वीज वाचवायची तर ही उष्णता कोंडावी लागेल आणि कोंडली की थर वितळेल. मग बाथ आणि ऑक्सिजन दोन्हींना तोंड देणारी नवी भिंत हवी. ॲनोडपासून सुरू झालेला प्रश्न असा भिंतीपर्यंत पोहोचतो.

कुठवर आले आहे

मे २०१८ मध्ये कॅनडात अल्कोआ आणि रिओ टिंटो या कंपन्यांनी निष्क्रिय ॲनोडसाठी एलिसिस हा संयुक्त उपक्रम जाहीर केला. ॲपल कंपनी, कॅनडा सरकार आणि क्युबेकचे प्रांतिक सरकार यांनी त्यात पैसा घातला. २०१९ मध्ये या पद्धतीच्या ॲल्युमिनियमची पहिली विक्री ॲपलला झाली. २०२४ मध्ये रिओ टिंटोने क्युबेकमधील आर्व्हिडा येथे एक लाख अँपिअरचे दहा पॉट उभारण्याचा निर्णय जाहीर केला, वर्षाला सुमारे अडीच हजार टन उत्पादनासाठी. रशियात रुसाल कंपनी क्रास्नोयार्स्कच्या कारखान्यात निष्क्रिय ॲनोडचे प्रायोगिक पॉट चालवते. आइसलँडची आर्क्टस कंपनी उभे पत्रे, मिश्रधातूचे ॲनोड आणि कमी तापमानाचा बाथ अशा रचनेवर काम करते आहे.

या तिन्ही ठिकाणांत एक साम्य आहे. क्युबेक, क्रास्नोयार्स्क आणि आइसलँड, तिन्हीकडे वीज मुख्यतः पाण्यापासून येते. तिथे विजेचा कार्बन जवळजवळ शून्य असल्यामुळे कारखान्याचा उरलेला धूर म्हणजे प्रामुख्याने ॲनोडचाच धूर. तो काढला की काम जवळपास पूर्ण होते. एक व्होल्ट जास्त लागला तरी खिशाला चिमटा बसतो, हवेला बसत नाही.

आपल्याकडे

ॲल्युमिनियमच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारत येतो. ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या राज्यांतले कारखाने प्रामुख्याने कोळशाच्या स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालतात. महाराष्ट्राचा या साखळीशी जुना संबंध आहे. कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावरचे बॉक्साइट बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला पुरवले गेले आहे आणि नागपूरजवळ वाडी येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्र ही याच धातूला वाहिलेली केंद्र सरकारची संस्था आहे.

आपल्या एक किलो ॲल्युमिनियममागे कोळशाच्या विजेचे तेरा-चौदा किलो कार्बन डायऑक्साइड आणि ॲनोडचे दीड किलो, असा ढोबळ हिशेब मांडता येतो. मोठा आकडा विजेचा आहे. पण बाजाराचे नियम दुसऱ्याच आकड्याकडे बोट दाखवतात. युरोपीय संघाचा आयात मालावरचा कार्बन कर १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आणि ॲल्युमिनियमसाठी त्यात सध्या फक्त थेट उत्सर्जन मोजले जाते. विजेचे उत्सर्जन त्या हिशेबाबाहेर आहे. म्हणजे एखाद्या कारखान्याने कोळशाच्याच विजेवर निष्क्रिय ॲनोड बसवले, तर त्याचा कर घटेल आणि वातावरणात जाणारा कार्बन कदाचित वाढेल. कागदावर हिरवा दिसणारा असा माल तयार होण्याचा धोका खरा आहे आणि तो आत्ताच ओळखायला हवा.

म्हणून निष्क्रिय ॲनोड आपल्याला नको, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. सौर आणि पवन वीज वाढत जाईल तसा विजेचा आकडा खाली येईल आणि मग ॲनोडचे दीड किलो डोळ्यात भरतील. ते कुठल्याही सौर पॅनेलने कमी होणार नाहीत, कारण ते भट्टीतल्या रसायनातच आहेत. कमी तापमानाचा बाथ, उभे पत्रे आणि नवी भिंत यांवरचे प्रयोग प्रयोगशाळेतून पॉटपर्यंत यायला दशके लागतात, हे या विषयाच्या इतिहासानेच दाखवले आहे. वीज स्वच्छ होण्याची वाट पाहून मग सुरुवात केली तर ही भट्टी आपल्याला परवान्यावर विकत घ्यावी लागेल. त्यामुळे दोन्ही कामे आज, बरोबरीने व्हायला हवीत. कारखान्यांनी कोळशाची वीज सोडण्याची वाट धरावी आणि आपल्या प्रयोगशाळांनी थंड बाथमध्ये न झिजणारा ॲनोड उभा करावा. यशाचे माप एकच असावे, कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या एक किलो धातूमागे, वीजकेंद्र धरून, किती कार्बन हवेत गेला.